पुसली तरी न जाणारी कुकी

‘कुकी पुसल्या, पण त्या जातच नाहीत,’ ही तक्रार आता रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावीही ऐकू येऊ लागली आहे. तक्रार करणाऱ्यांत सेवा केंद्र चालविणारे तरुण असतात, शाळेतील संगणकाची खोली सांभाळणारे शिक्षक असतात, आणि मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तिसऱ्यांदा पहिल्या पानावर परत आलेले वडीलही असतात. वरवर पाहता हा विषय किरकोळ वाटेल. पण आपल्याकडे एक संगणक एका माणसाचा नसतो. सकाळी त्यावर एकाचा पीकविमा भरला जातो, दुपारी दुसऱ्याचा सातबारा निघतो आणि दिवेलागणीला तिसऱ्याच घरच्या मुलीचा अकरावीच्या प्रवेशाचा फॉर्म भरला जातो. तिचा जातीचा दाखला, बँकेचे खाते, मोबाईल क्रमांक हे सारे त्या पडद्यावर येऊन जाते. ते मागे राहिले की गेले, हा प्रश्न किरकोळ खासच नाही.

प्रथम कुकी म्हणजे काय ते पाहू. मोठ्या देवस्थानात आपण चपला ठेवतो, तेव्हा सांभाळणारा आपल्या हातात एक बिल्ला देतो. बिल्ल्यावर आपले नाव नसते, गावही नसते; असतो केवळ आकडा. आपण परत आलो, बिल्ला दाखविला, की तो त्या आकड्याच्या खणातून चपला काढून देतो. आपला चेहरा त्याने लक्षात ठेवलेला नसतो आणि त्याला तशी गरजही नसते. कुकी म्हणजे असा बिल्ला. संकेतस्थळ तो आपल्या ब्राउझरच्या हवाली करते, आणि पुढे प्रत्येक खेपेस ब्राउझर तो न सांगता दाखवीत राहतो.

याची गरज पडली, कारण वेबची मूळ रचनाच विसरभोळी आहे. पान मागितले, पान दिले, व्यवहार संपला. पुढचे पान मागणारा तोच माणूस आहे की दुसरा, हे पान देणाऱ्या यंत्रास कळत नाही. नुसते वाचायचे असेल तोवर यात काही बिघडत नव्हते. परंतु दुकान मांडायचे म्हटले की गिऱ्हाइकाने पिशवीत काय काय टाकले, हे कोठेतरी टिपून ठेवावे लागते. १९९४ साली अमेरिकेतील नेटस्केप कंपनीत काम करणाऱ्या लू माँटुली या प्रोग्रामरने यावर तोड काढली. टिपण गिऱ्हाइकाच्याच ब्राउझरात ठेवावे, अशी ती तोड होती. युनिक्सवर काम करणाऱ्या मंडळींत, एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे सोपवलेल्या आणि तशीच परत घ्यायच्या खुणेस ‘मॅजिक कुकी’ म्हणण्याची चाल होती; तिच्यावरून हे नाव पडले. खाण्याच्या बिस्किटाशी त्याचा एवढाच दूरचा संबंध. प्रत्येक कुकी सुमारे ४०९६ बाइटांच्या आत बसवावी लागते. म्हणजे ‘कुकीमुळे संगणक भरला’ ही समजूत चुकीची आहे. शेकडो कुकी मिळून मोबाईलवरच्या एका फोटोएवढ्याही होत नाहीत.

आता आपल्या तक्रारीच्या मुळाशी असलेली एक गंमत सांगतो. मूळ व्यवस्थेत संकेतस्थळाला ‘ही कुकी पुसून टाक’ असे सांगण्याची सोयच नाही. पुष्कळ कुकींवर मुदतीची तारीख असते. संकेतस्थळाला कुकी रद्द करायची असली, तर ते त्याच नावाची नवी कुकी पाठविते आणि तिच्यावर होऊन गेलेली तारीख, बहुधा १९७० सालची, घालते. ब्राउझर पाहतो की मुदत टळली, आणि ती टाकून देतो. पण याला एक अट आहे. नाव, संकेतस्थळाचा पत्ता आणि त्या पत्त्यातील मार्ग ही तिन्ही जुन्या कुकीशी तंतोतंत जुळली पाहिजेत. एक जरी चुकले, तरी जुनी जागच्या जागी राहते. अलीकडे ‘माझे सारे झाडून टाक’ असा वेगळा निरोप संकेतस्थळाला पाठविता येऊ लागला आहे. तो सगळे जण वापरतात असे मात्र नाही.

आता हे प्रोग्रामरचे दुखणे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध असा, की अर्ज भरताना पुन्हा पुन्हा पहिल्या पानावर फेकले जाण्याचे एक नेहमीचे कारण हेच असते. संकेतस्थळाची मांडणी बदलते, नवी कुकी थोड्या निराळ्या पत्त्यावर निघते, आणि एकाच नावाच्या दोन कुकी एका ब्राउझरात नांदू लागतात. ब्राउझर बिचारा दोन्ही एकदम पाठवितो. पलीकडचे यंत्र त्यांतली एक वाचते. ती जुनी निघाली, तर ‘आपण कोण?’ असे विचारून आपल्याला दाराबाहेर उभे करते. संकेतशब्द बरोबर, ओटीपी बरोबर, तरीही प्रवेश नाही. अर्जाची शेवटची तारीख उद्यावर असेल, तर घरातल्या माणसांची काय अवस्था होते ते मी सांगायला नको. चूक पलीकडची असली, तरी तो बिल्ला आपल्या हाताने काढून टाकणे आपल्याला शक्य असते, आणि लवकर सुटण्याचा मार्गही तोच.

पण हे खरोखर कुकीचेच दुखणे आहे, हे आधी ठरवावे. त्यासाठी औषध घेण्यापूर्वी करावयाची एक साधी परीक्षा आहे. ब्राउझरची खाजगी खिडकी उघडावी आणि तेच संकेतस्थळ तेथे उघडून पाहावे. खाजगी खिडकीला नेहमीच्या कुकींतली एकही मिळत नाही. ती कोऱ्या पाटीने सुरू होते. तेथे काम झाले, तर दोष आपल्या साठ्यात आहे. तेथेही तेच रडगाणे असेल, तर कुकी बहुधा निर्दोष आहे आणि पुसापुशीत वेळ घालवू नये. यात दोन बारकावे आहेत. आधीपासून दुसरी खाजगी खिडकी उघडी असेल, तर नवी खिडकी तिच्याच कुकी वापरते, म्हणून पहिल्या साऱ्या बंद कराव्यात. दुसरे असे, की ब्राउझरला जोडलेली एक्स्टेन्शने खाजगी खिडकीत सहसा बंद असतात. तेव्हा तेथे काम होणे हा एखाद्या एक्स्टेन्शनच्या अपराधाचाही पुरावा असू शकतो.

दोष कुकीत आहे असे ठरले, की सगळा साठा रिकामा करण्याची घाई करू नये. पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाला जे छोटे चिन्ह असते, त्यावर दाबले असता त्या एका संकेतस्थळाचा साठवलेला डेटा पाहता येतो आणि तेवढाच काढता येतो. घरातील एक कपडा मळला म्हणून कोणी कपाट नदीवर नेत नाही. आपली सेवा केंद्रे मात्र सर्रास कपाटच नेतात, आणि मग दहा ठिकाणी पुन्हा लॉगिन करीत बसतात.

समजा, हे केले आणि तरीही कुकी तेथेच दिसते. माझ्या मते निम्म्याहून अधिक तक्रारींत कुकी पुसली गेलेलीच असते, फक्त तिच्या जागी दुसरी आलेली असते. आपण बिल्ला फेकून दिला आणि त्याच खिडकीसमोर उभे राहिलो, तर सांभाळणारा नवा बिल्ला देणारच. तेच संकेतस्थळ दुसऱ्या एखाद्या टॅबमध्ये उघडे असते, किंवा ब्राउझर सुरू होताच आपोआप उघडणारे पान तेच असते, आणि पुसल्यानंतर दुसऱ्याच क्षणी नवी कुकी हजर होते. ती जुनी की नवी, हे ओळखण्याची खूण म्हणजे तिच्यातील मजकूर. पुसण्यापूर्वी अक्षरांची ती लांबलचक रांग टिपून ठेवावी आणि नंतर ताडून पाहावी. फायरफॉक्समध्ये तर कुकी कधी जन्मली ती वेळही पाहता येते. मजकूर निराळा असेल, तर आपला ब्राउझर निर्दोष आहे.

याच जातीची आणखी एक फसगत आहे. ‘आम्ही कुकी वापरतो, मान्य आहे का?’ अशी चौकट हल्ली जागोजाग आडवी येते. ही युरोपातून आली. तेथे २००२ साली निघालेला निर्देश २००९ मध्ये सुधारला गेला आणि कुकी ठेवण्यापूर्वी संमती घेणे बंधनकारक झाले. पुढे ‘नको’ म्हणणे ‘हो’ म्हणण्याइतके सोपे ठेवले नाही म्हणून फ्रान्समधील नियामक संस्थेने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाले. आपल्याकडेही २०२३ साली वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पण गंमत पाहा : आपण ‘नको’ म्हणालो, हेदेखील संकेतस्थळ बहुधा कुकीतच लिहून ठेवते! साऱ्या कुकी पुसल्या, की आपला नकारही पुसला जातो आणि चौकट पुन्हा उगवते. लोक म्हणतात, पुसल्या तरी गेल्या नाहीत. वास्तविक गेल्या, म्हणूनच चौकट आली.

आता खरोखर न पुसल्या जाणाऱ्या कुकींकडे वळू. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट ही तीन बटणे एकदम दाबली, की पुसण्याची चौकट उघडते. तिच्यात वरच्या बाजूस कालावधी विचारलेला असतो, आणि तेथे अनेकदा आधीपासूनच ‘शेवटचा एक तास’ निवडलेला असतो. गेल्या महिन्यात आलेली कुकी तासाभरातल्या पुसापुशीत कशी जावी? आतापर्यंतचा सर्व काळ निवडावा. दुसरी गोष्ट प्रोफाइलची. एकाच संगणकावर वडिलांचे एक, मुलाचे एक, अशी प्रोफाइले केलेली असतात. प्रत्येकाचा साठा स्वतंत्र. मुलाच्या प्रोफाइलात झाडू मारून वडिलांच्या प्रोफाइलातील धूळ निघत नाही. क्रोममध्ये पुसले आणि एजमध्ये पाहिले, असेही घडते.

गूगलच्या खात्याची तर स्वतंत्र कथाच आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये क्रोमची ६९ वी आवृत्ती आली, तेव्हा असे उघडकीस आले की सगळ्या कुकी पुसा म्हटले तरी गूगलच्या स्वतःच्या कुकी मागे राहतात. जगभरच्या जाणकारांनी ओरड केली, आणि पुढच्या आवृत्तीत गूगलने ही वागणूक बदलली. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०२० मध्ये, जेफ जॉन्सन या प्रोग्रामरने दाखवून दिले, की बंद होताना सारे पुसण्याची आज्ञा दिली असतानाही क्रोम गूगल व यूट्यूब यांचा साठवलेला डेटा ठेवून देतो. तो दोष असल्याचे सांगून गूगलने दुरुस्तीचे आश्वासन दिले. एवढे खरे, की पहारा आणि माल एकाच घराकडे असला म्हणजे शंका येणारच. आजही क्रोममध्ये खाते जोडलेले असताना कुकी पुसल्या, तर आपण गूगलच्या खात्यात तसेच राहतो. चौकटीत तशी सूचना लिहिलेली असते, ती वाचण्याचे कष्ट कोणी घेत नाही. तेथून बाहेर पडायचे तर आधी खात्यातून साइन आउट करावे. आणि एक सावधगिरी : खाते जोडलेले असताना त्याच चौकटीतून इतिहास किंवा साठवलेले संकेतशब्द पुसले, तर ते त्या खात्याच्या इतर यंत्रांवरूनही जाऊ शकतात. कुकी मात्र ज्या त्या यंत्राच्या असतात.

काही कुकींवर मुदतच लिहिलेली नसते; ब्राउझर बंद झाला की त्यांनी जावे, असा संकेत आहे. पण सोयीसाठी पुष्कळांनी ‘जेथे थांबलो तेथून पुढे चालू’ अशी आज्ञा देऊन ठेवलेली असते. मग ब्राउझर या तात्पुरत्या कुकीही जपून ठेवतो. क्रोमची खिडकी बंद केली तरी तो पाठीमागे चालू राहू शकतो. म्हणजे दुकानाची फळी लावलेली, पण आत दिवा जळतो आहे. आपल्याकडे यात विजेची भर पडते. फायरफॉक्स चालू असताना वीज गेली, तर परत आल्यावर तो मागची पाने पूर्ववत करू शकतो, आणि त्याबरोबर तात्पुरत्या कुकीही परतात. जुन्या संगणकातील नाण्याएवढी बॅटरी संपली की त्याचे घड्याळ वर्षानुवर्षे मागे जाते. मग मुदत संपलेली कुकीही त्याला ताजी वाटू शकते. उजव्या कोपऱ्यातील तारीख पाहण्यास पैसे पडत नाहीत.

संगणकाच्या शाळांत आणि काही केंद्रांत असा प्रोग्राम घातलेला असतो, की संगणक पुन्हा सुरू झाला म्हणजे सारे काही ठरलेल्या मूळ स्थितीत परत येते. मुलांनी काही बिघडविले तरी चिंता नाही, म्हणून तो घालतात. पण ती मूळ स्थिती गोठविताना कोणाचे तरी खाते उघडे राहिलेले असेल, तर? दिवसभर पुसा, रात्री संगणक बंद करा. सकाळी ती कुकी जशीच्या तशी समोर. येथे ब्राउझरशी झगडून उपयोग नाही. गोठवण काढावी, कुकी पुसावी आणि मग नव्याने गोठवावे.

फाइल बिघडण्याचा प्रकार त्या मानाने विरळा. फायरफॉक्स आपल्या कुकी ‘कुकीज.एसक्यूलाइट’ या एकाच फाइलीत ठेवतो. क्रोमचीही प्रत्येक प्रोफाइलाच्या फोल्डरात अशीच एक फाइल असते. डिस्क भरली, लिहिताना वीज गेली, किंवा एखाद्या अँटिव्हायरसने ती धरून ठेवली, तर पुसण्याची आज्ञा निमूटपणे वाया जाते. ब्राउझर पूर्ण बंद करावा, टास्क मॅनेजरात तो राहिला नाही ना ते पाहावे, आणि त्या फाइलीचे नाव बदलावे. पुन्हा सुरू करताच ब्राउझर नवी कोरी फाइल तयार करतो. फाइल पुसू नये, नाव बदलावे, म्हणजे काही चुकल्यास जुनी परत आणता येते.

पुष्कळदा लोक ज्याला कुकी म्हणतात ती कुकी नसतेच. लॉगिनच्या पानावर मागच्या माणसाचा मोबाईल क्रमांक आपोआप उमटला, तर ते साठवलेल्या संकेतशब्दांचे किंवा फॉर्म आपोआप भरण्याच्या सोयीचे काम. ती चौकट निराळी, तिची खूण निराळी. संकेतस्थळे कुकीखेरीज ‘लोकल स्टोरेज’ नावाच्या जागेतही माहिती ठेवतात. काही लबाडांनी याचाच फायदा घेतला. २००९ साली बर्कली येथील संशोधकांनी दाखविले, की काही संकेतस्थळे एक प्रत फ्लॅश या प्रोग्रामच्या साठ्यात लपवितात आणि वापरणाऱ्याने कुकी पुसली की तिच्यावरून ती पुन्हा जिवंत करतात. २०१० मध्ये सॅमी कामकर याने ‘एव्हरकुकी’ लिहून हा खेळ किती दूर जाऊ शकतो ते उघडच करून दाखविले. २०२० अखेर फ्लॅश बंद झाले, आणि आता ब्राउझरच्या चौकटीत ‘कुकी आणि साइटचा इतर डेटा’ हे एकत्र पुसले जाते. म्हणून खूण करताना तो सबंध पर्याय निवडावा.

अध्यक्षमहाशय, आता मघाच्या त्या मुलीकडे येतो. तिचा अर्ज भरून झाला; केंद्रचालकाने कुकी पुसल्या; सारे सुरक्षित झाले काय? बिल्ला फेकून दिला तरी चपला खणातच असतात. आणि फेकण्यापूर्वी कोणी त्या बिल्ल्याची नक्कल करून घेतली असेल, तर चपला त्याला मिळतात. कारण सांभाळणारा चेहरा पाहत नाही. कुकी चोरणाऱ्यास संकेतशब्द लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. कुकी त्याच यंत्राला बांधून ठेवण्याची, म्हणजे दुसरीकडे नेली तर ती चालू नये अशी, योजना गूगलने २०२४ मध्ये जाहीर केली. पण ती सर्वत्र पोचेपर्यंत आपण आपली काळजी घेतली पाहिजे. यासाठी आधी लॉगआउट करावे. नीट बांधलेल्या संकेतस्थळात लॉगआउट म्हणजे सांभाळणाऱ्याने आपल्या वहीतील तो आकडाच खोडणे; मग नक्कल निरुपयोगी ठरते. त्यानंतर कुकी पुसाव्यात. उलट क्रमाने केले, तर आधी आपलाच बिल्ला जातो आणि वहीतील आकडा खोडायला सांगण्यास हाती काही उरत नाही. असे झालेच, तर घरच्या फोनवरून त्या खात्यात शिरावे आणि ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ ही सोय असल्यास ती वापरावी. नसेल तर संकेतशब्द बदलावा. केंद्रावर प्रत्येक ग्राहकासाठी ब्राउझरची अतिथी खिडकी उघडून काम संपताच ती बंद करणे, ही सवय याहूनही बरी. तिच्या कुकी तिच्याबरोबरच जातात. फक्त उतरवून घेतलेल्या फाइली, दाखल्यांच्या प्रती वगैरे, संगणकात राहतात. त्या हाताने पुसाव्या लागतात.

फोनविषयी थोडे सांगून थांबतो. व्हॉट्सअॅपवर आलेला दुवा बहुधा आपल्या नेहमीच्या ब्राउझरात उघडतो. फेसबुक आणि इन्स्टाग्राम मात्र तो आपल्या पोटातल्याच ब्राउझरात उघडतात, आणि त्याच्या कुकी क्रोमच्या झाडलोटीत सापडत नाहीत. त्या अॅपच्या सेटिंगमध्ये आतील ब्राउझरचा डेटा पुसण्याची जागा शोधावी. न सापडल्यास अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या अॅपचा सारा साठवलेला डेटा काढावा. मग त्या अॅपमध्ये नव्याने लॉगिन करावे लागते, तेव्हा त्याचा संकेतशब्द आधी आठवून ठेवावा.